खंडेनवमीचा हार

झेंडूचा हार वैजयंतानं पटकन पदराआड घेतला. नवऱ्याच्या लेथ मशीनवर कुणाचा तरी चष्मा होता आणि खाली लोखंडाचा ताजा कीस पडला होता.

वर्षातून महिनाभर टेरिटोरियल आर्मीत जाणाऱ्या नवऱ्याला यंदा थेट सीमेवर बोलावणं आलं, तेव्हा कारखान्याचे मालक आप्पा म्हणाले होते, "बिनघोर जा. तुझी जागा तुझीच." कायदाही तेच सांगत होता. पण खंडेनवमीला ज्याचं मशीन त्यानंच हार घालायचा, ही इथली रीत. आणि इथं तर दुसरंच कुणी काम करत होतं. ती मागे वळली.

"पोरी, निघालीस कुठं?" आप्पांनी तो चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला. त्यांचे हात तेलानं काळे झाले होते. "दुसरा माणूस ठेवला असता, तर हा आल्यावर त्याला कुठल्या तोंडानं काढला असता? म्हणून मीच उभा राहतोय."

"मग हार तुम्हीच घाला," ती हार पुढे करत म्हणाली.

"मी बदली कामगार. त्याच्या नावानं तूच घाल. आणि फोन आला की सांग, म्हातारा रोज एखादा पार्ट बिघडवतोय. लवकर ये म्हणावं."