कागदात काय लिहिलंय

चारही खाचरं पिवळी पडली होती. कापणीचं पिवळं नव्हे. श्रावणातलं पिवळं.

बांधावर पाच माणसं उभी. दादासाहेब, ज्यांचा भात. पौडातला इस्माईल, ज्याच्या दुकानातून तणनाशक आणलं. नथूकाका, मोबाइल समोर धरून. जुईली, दादासाहेबांची पोरगी, सहावीतली. आणि तिचा भाऊ सौरभ, नववीतला. त्याच्या हातात फवारलेल्या कॅनबरोबर आलेला कागद, मुंग्यांएवढ्या अक्षरांचा.

"दोन कॅन नेले तुमी," इस्माईल म्हणाला. "एक भातातल्या तणाचं, एक बांधावरच्या गवताचं. गवताचं भातावर मारलंत, दादासाहेब. त्यानं सगळंच मरतं. मी दुकानात बजावलेलं."

"भाताचंच मारलं. पोरानं वाचून दिलं मला, नववीत हाय त्यो. आत भेसळ तुझी."

"मग परत वाचू द्या त्याला. माझं नका ऐकू. कागदाचं ऐका."

दादासाहेबांची शाळा चौथीत सुटलेली. आता सहीपुरती अक्षरं उरली होती. नथूकाकाला तीही नाहीत.

"वाच रं," दादासाहेब म्हणाले. "आन इस्माईल, भाताचंच निघालं ना, उद्या पौडात शटर वर करून दाखव तू."

"व्हिडिओ चालू हाय," नथूकाका म्हणाला. "गुरुपवर टाकतो. समद्या मुळशीला कळू दे."

"आप्पा, मी वाचते," जुईली बापाला म्हणाली.

"तू गप गं. गड्यांच्यात बोलायचं न्हाई."

सौरभ कसा वाचतो:

संध्याकाळी जुईली त्याचा धडा दोनदा वाचते. तो ऐकतो. दुसऱ्या दिवशी वर्गात तो पुस्तक धरतो, ओळीखालून बोट फिरवतो आणि ऐकलेलं म्हणतो. बोट कधी चुकत नाही. बाई म्हणतात, छान.

फवारणीच्या दिवशीही बोट चुकलं नव्हतं. दोन कॅन, दोन्ही पांढरे, दोन्ही हिरव्या झाकणाचे. जुईली घरात, कारण फवारणीला बाईमाणूस नको. "भाताचं कंचं?" आप्पांनी विचारलं. त्यानं एकावरून बोट फिरवलं. "हे. लिहिलंय की."

आता कागद.

तो काहीही म्हणू शकत होता. 'भातासाठी उत्तम' म्हणाला असता, तरी चाललं असतं. इस्माईलनं आरडाओरडा केला असता. या बांधावर त्याचं कोण ऐकणार होतं?

त्यानं जुईलीच्या ओठांकडे पाहिलं. एरवी, घरी कुणी वाचायला सांगितलं की, ते त्याच्यासाठी हळूच हलतात. आज घट्ट मिटलेले.

इस्माईल चपला हातात घेऊन चिखलात उभा होता. त्यानं कागदावर एका ओळीखाली नख ठेवलं. "हितनं. सावकाश वाच, बाळा."

उ. भ्या.

उभ्या.

"मोठ्यानं!"

घाम डोळ्यात उतरला. त्यानं तो पुसला नाही. बोट उचललं, तर ओळ हरवली असती.

भा. त.

"भात!" नथूकाका ओरडला. "ऐकलंस का रं इस्माईल? भात म्हणतोय कागूद!"

पि. का. व. र.

पिकावर.

हे कुणी त्याच्या कानात सांगितलेलं नव्हतं. ते कागदातून आलं होतं.

वा.

प.

रू.

"वापरू!" दादासाहेबांनी मांडीवर थाप मारली. त्यांचा आवाज फाटला, आठ दिवसांत पहिल्यांदा ते हसत होते. "उभ्या भातपिकावर वापरू! मंग? आमी दुसरं काय केलं? माझा पोरगा हाय त्यो, नववीतला, चुकंल कसा?"

नथूकाकानं मोबाइल इस्माईलच्या तोंडासमोर नेला. इस्माईलनं चेहरा झाकला नाही. तो सौरभकडेच बघत होता.

"झालं," दादासाहेब म्हणाले. "घाल घडी कागदाची."

"पुढं वाच, दादा," जुईली म्हणाली.

बोटाच्या पुढं दोन अक्षरं उरली होती. दोन्ही त्याला येत होती.