जास्तीचं झाड

नाताळ सरला की डेल्बर्ट गावातली वाळलेली नाताळझाडं गोळा करायचा आणि विटा बांधून तलावात गुपचूप बुडवायचा. अशा फांद्यांत बास मासे घर करतात. जागा त्याने कुणालाच दाखवली नव्हती. शेजारच्या हॉइटने मात्र ती हेरली होती. डेल्बर्ट नसला की तो तिथेच गळ टाकायचा.

डेल्बर्ट वारला. त्याची रक्षा मांडीवर घेऊन त्याची बायको वर्ना हॉइटच्या बोटीत बसली. “त्याच्या त्या जागेवरच सोडायचीय, भावजी.”

“मला काय माहीत वहिनी, कुठंय ती?” नजर चुकवत हॉइटने बोट भलतीकडेच वळवली.



“पुरे हो नाटक! तुम्ही तिथे चोरून यायला लागल्यापासून डेल्बर्ट दरवर्षी एक झाड जास्त बुडवायचा, तुमच्यासाठी.”