एक वस्तू कमी

मामाने टूथब्रशचा दांडा कापून निम्मा केला होता. तो कोरा करकरीत बुटका ब्रश त्याने चादरीवर बाकीच्या सामानाच्या ओळीत ठेवला आणि मागे सरकून बसला.

“बघ आता,” तो भाचीला म्हणाला. “कसून बघ. मामा म्हणून सूट नको.”

जमिनीवर चादर अंथरून प्रत्येकाने आपलं सामान मांडायचं आणि लीडरने एकेक वस्तू हातात घेऊन तपासायची, ही पद्धत मामानेच घालून दिलेली. पंचवीस वर्षं लीडर तोच होता. यंदा पहिल्यांदाच भाची लीडर होती. मोहिमेत आधी गोठलेला धबधबा चढायचा, मग शिखर. पाच जण एका दोराला बांधलेले. सकाळपासून तिघांची तपासणी उरकली होती. आता मामा. आणि ‘तू यंदा येऊ नकोस’ हे तिला आज त्याला सांगायचंच होतं.

गेल्या वर्षी उतरताना तो दोराच्या कडीचा आटा पिळून बंद करायला विसरला होता. तिने गुपचूप पिळला. पुढच्या टप्प्यावर पुन्हा तेच. त्या कडीवर पाच जणांचे जीव होते. तिने ही गोष्ट फक्त आईला सांगितली होती.

“तूच बोल बाई,” आई म्हणाली होती. “माझा भाऊ आहे तो. मी नको म्हटलं तर मुद्दाम जाईल.”

मामा म्हणजे वजनाचा वेडा. आईचा स्वयंपाकघरातला वजनकाटा दर हिवाळ्यात आठवडाभर त्याच्याच ताब्यात. कपड्यांची लेबलंसुद्धा उसवून टाकायचा. तपासणी संपली की प्रत्येकाने आपल्या सामानातली एक वस्तू काढून घरी ठेवायची, हाही त्याचाच नियम. “जे ओझं होणार, ते घरी,” तो म्हणायचा, आणि तिथे कुणाची रडारड चालत नसे.

तिने सुरुवात केली. आइस ॲक्सची टोकं नुकतीच कानशीने घासलेली. बर्फात पिळायचे स्क्रू लखलखीत. नाव ठेवायला जागा नव्हती. मग हातमोजे आले. नवे होते, पण बोटं आखूड. मामाचा पंजा यात शिरणार कसा? चष्मा न लावताच दुकानात गेला असणार. कमरेला बांधायचा पट्टाही नको इतका आवळलेला. वाळलाय की काय हा, या विचाराने तिला भरून आलं.

शेवटी तिने क्रॅम्पॉन उचलले, बुटाखाली बसवायचे ते पोलादी दात. त्यांची परीक्षा ठरलेली. क्रॅम्पॉनचा पट्टा न बांधता बूट उचलून हलवायचा; तरी क्रॅम्पॉन गळून पडता कामा नये. तिने दारातले मामाचे बूट आणले. क्रॅम्पॉन लावून पाहिला. टाच चार बोटं बाहेरच राहिली. दुसऱ्याचीही तीच गत.

पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे क्रॅम्पॉन तपासणारा माणूस स्वतःचे बुटाला लावूनही न बघता घेऊन आला होता. आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता.

“मामा, तू यंदा येऊ नकोस.”

एकदा तोंड फुटल्यावर तिने सगळंच सांगून टाकलं. ती कडी, मग दुसरी कडी. “तू दोरावर असलास की मी तुझ्याकडेच बघत राहते रे. बाकीच्यांकडे कोण बघणार?”

स्वयंपाकघरातली आईची भांड्यांची खडखड थांबली. मामाने लांब श्वास सोडला. मग तो चक्क हसला.

“सुटलो बाबा एकदाचा! आठ दिवस घोर लागला होता, ही पोरगी भिडेखातर मला घेऊन जाते की काय. मामाला नाही म्हणता येत नसेल, तर वादळात शिखराला काय नाही म्हणणार तू?”

“म्हणजे कडीचं तुला माहीत होतं?”

“मी न आवळलेली कडी आवळलेली दिसली. तेवढं अजून कळतं मला.” त्याने क्रॅम्पॉन तिच्याकडे सरकवले. “आणि हे माझ्या बुटाला काय लावत बसलीस? तुझे बूट आण.”

तिचे बूट तिथेच होते, गेल्याच महिन्यात घेतलेले. बाकीचं सामान ती भाड्याने आणणार होती. तिने क्रॅम्पॉन लावला. खटकन बसला. बूट उचलून गदागदा हलवला, तरी तसूभर हलला नाही. मग तिने हातमोजे घातले. बोटांच्या टोकापर्यंत नेमके बसले. तो आवळलेला पट्टा तिच्या कमरेच्या मापाचा होता. तो बुटका ब्रशसुद्धा तिच्यासाठीच होता.

ती हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

“झालं का तुमचं?” आई दारात येऊन उभी राहिली. तिचेही डोळे ओले होते. “माझा वजनकाटा द्या आता.”

“थांब गं,” भाची लीडरच्या आवाजात म्हणाली. “तपासणी संपलेली नाही. नियमाप्रमाणे यातली एक वस्तू काढायची राहिलीय.”

मामा गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठला.

“ती घरूनच काढून आलोय,” तो स्वतःच्या पोटावर थाप मारत म्हणाला. “अठ्ठ्याहत्तर किलोंची.”