नटावरची रेघ

चौथ्या शनिवारीही ट्रक दारात येऊन थांबला, तेव्हा मिस्त्रीबाईंनी आधी घड्याळाकडे पाहिलं. बरोबर दहा. मग भिंतीवरच्या आरशाकडे. ते काही नणंदेच्या नजरेतून सुटलं नाही.

"आले बघ तुझे फौजी," स्टुलावर बसून चहा फुंकत नणंद म्हणाली. "मीटर मेला असणार."

"गप बसा हो वन्सं."

ट्रक लष्करातून निवृत्त झालेला, आणि त्याला लिलावात घेऊन घरी आणणारा त्याचा ड्रायव्हरही. दोघांचा रंग उडालेला, पण दोघंही ताठ.

"मिस्त्रीबाई, काटा पुन्हा झोपला," फौजी खाली उतरत म्हणाले.

हे गेल्या तीन शनिवारांचंच रडगाणं होतं. डॅशबोर्डच्या पाठीमागे व्होल्टमीटरची अर्थिंगची वायर एका नटाने कसलेली होती, आणि तो नट तिन्ही वेळा सैल सापडला होता. बाईंनी कसला की काटा टुणकन उठायचा. मग फौजी एक चहा प्यायचे, दुसऱ्याला नको नको म्हणायचे, आणि तोही पिऊन जायचे.

नवरा गेल्यापासून आठ वर्षं बाईंनी गाड्यांच्या वायरिंगचं हे दुकान एकटीने चालवलं होतं. त्यांच्या हातचा नट सैल होत नसे.

"नट सैल होत नाही वहिनी, केला जातो," नणंद म्हणाली होती. आपल्याच भावाची बायको, पण सांगताना आवाज असा, की जणू स्थळच घेऊन आलीय.

म्हणून गेल्या शनिवारी बाईंनी नट कसला आणि त्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली. डाळिंबी, लग्नकार्यात लावायची त्यांची ठेवणीतली बाटली. जोखमीच्या नटाला त्या नेहमीच अशी खूण करत, एरवी साध्या रंगाने. कोणी नट फिरवला, की रेघ तुटणारच.

"हे काय लावताय?" फौजींनी विचारलं होतं.

"तुमच्या ट्रकचा शृंगार."

"शोभतोय," ते म्हणाले होते, आणि वाकून जरा जास्तच वेळ बघत राहिले होते.

आठवडाभर बाईंच्या डोक्यात ती रेघच होती. तुटलेली निघाली, तर हा माणूस मीटरसाठी येत नव्हता. अखंड निघाली, तर मीटरसाठीच येत होता, आणि त्यांनी उगाच कपाटातल्या नव्या कपबशा बाहेर काढल्या होत्या.

"अंगठ्याला काय झालं?" चहा देताना त्यांनी विचारलं.

"कापलं जरा. कांदा चिरताना." एकट्या माणसाने एका हाताने लावलेली पट्टी, नखावरच चिकटलेली. फौजींनी हात खिशात घातला.

बाई केबिनमध्ये चढल्या. दातांत टॉर्च धरून डॅशबोर्डखाली आडव्या झाल्या. टॉर्चचे सेल उतरलेले, उजेड हळदीसारखा पिवळा. पण रेघ दिसली.

सरळ. अखंड. कुठे केसाएवढीही चीर नाही.

बाई स्वतःवरच हसल्या. या वयात काय एकेक खुळं!

आता काम म्हणजे काम. दोन्ही बॅटऱ्या मिळून चोवीसच्या वर व्होल्ट दाखवत होत्या. फ्यूज ठणठणीत. मीटरच्या मागच्या टोकाला लावला तर टेस्ट लॅम्पही लख्ख पेटला. म्हणजे वीज मीटरपर्यंत येत होती, आणि अर्थिंगचा नट तर रेघेने बांधलेला. उरला मीटर. तोच आतून जळला असणार.

"मोठ्या वर्कशॉपला न्या," खिडकीतून डोकं काढून त्या म्हणाल्या. "माझ्या हातचं काम नाही हे."

फौजींची बशी ओठांपर्यंत जाता जाता थांबली. "मोठ्या वर्कशॉपला? मी? छे! अजून एकदा बघा ना. सावकाश. मला काही घाई नाही."

"तीन शनिवार बघितलं की."

"मग चौथ्यांदा. एवढ्यात माघार घेता?"

"ही लढाई नाही, फौजीसाहेब. मीटर आहे. मी काढून देते, तिकडे नेऊन दाखवा. पुन्हा इकडे फेऱ्या मारायला नकोत तुम्हाला."

फौजी काहीतरी बोलायला गेले आणि चहाचा ठसका लागला. नणंदेने वहिनीकडे पाहिलं, फौजींकडे पाहिलं, आणि पदराआड हसू दाबलं.

मीटर काढायचा तर तो नट खोलणं आलं. बाईंनी दहा नंबरचा पाना घेतला आणि पुन्हा डॅशबोर्डखाली शिरल्या. मनातल्या मनात कपबशा पुन्हा कपाटात ठेवल्या. पाना बसवण्याआधी सवयीने नटाला बोट लावलं.

नट बोटानेच गरकन फिरला.

त्यांनी हात बाहेर काढून खिडकीच्या उन्हात धरला. बोटाला रंग लागला होता. डाळिंबी नव्हे. गुलाबी, चमकीवाला, आणि अजून ओला.