सोयगावचा माईक

"पुन्हा तेच. सोयगावकडून आवाज येतोय, मॅडम," प्राचार्य केशवराव पडद्यावरून नीरजाला म्हणाले.

आज तरी असं व्हायला नको होतं. तीन कॉलेजांनी मिळून गणिताचा एकच ऑनलाइन वर्ग चालवायचा, हे खूळ तिचंच. शहरातलं तिचं कॉलेज, मुकुंदवाडीचं आणि अजिंठ्याच्या डोंगरापलीकडचं सोयगावचं. सोयगावचे गणिताचे सर निवृत्त झाले ते झालेच, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. हा वर्ग मोडला तर तिथला विषयच बंद. एखाददुसरा मुलगा शहरात खोली करून राहील. पोरींना कोण पाठवणार? तिथल्या हुशार अंबिकेला तर स्थळं यायला लागली होती. वर्ग आहे तोवर शीक, एवढंच तिचा बाप सूर्यभान म्हणाला होता.

वर्षभर नीरजा तीन प्राचार्यांच्या नाकदुऱ्या काढत होती. कुणाच्या कॉलेजचं नाव आधी लिहायचं इथपासून रुसवेफुगवे. त्यात केशवराव तिचेच प्राचार्य, आणि त्यांची एकच तक्रार: सोयगावची खोली म्हणजे आठवडी बाजार. मेंढरं ओरडतात, छपराचे पत्रे वाजतात, आपल्या मुलांना काही ऐकू येत नाही. शेवटचा एक तास स्वतः बसून ऐकतो, नाहीतर आम्ही बाहेर, असं त्यांनी बजावलं होतं. तो तास आजचा.

म्हणून सोयगावनं आज कंबर कसली होती. सूर्यभाननं मेंढरं पहाटेच माळापलीकडं हाकलली. पोरांनी पत्र्यांवर दगड ठेवले. पाऊस दोन वर्षं फिरकला नव्हता. टँकरच्या रांगेतल्या घागरी आईबापांवर सोपवून सगळी वेळेआधी येऊन बसली.

तिथं वीज सकाळीच असते, त्यामुळं वर्ग भल्या सकाळी भरायचा आणि नीरजा पुंडलिकनगरातल्या घरूनच शिकवायची. घरात ती एकटीच. शहर वाढत गेलं आणि पाइप तेवढेच राहिले. गल्लीत आज आठवड्यानं नळ आले होते. तिनं अंगणातल्या हौदाचा नळ सोडला, घाईघाईत डबा केला, अंगणाकडच्या खोलीत येऊन दार लावलं आणि कानांवर हेडफोन चढवले. बाकीच्या वर्गांचे माईक तिनं बंद केले. सोयगावचा तेवढा उघडा ठेवला; प्राचार्य बोलण्यापुरताच आपापला माईक उघडणार होते. तिथल्या मुलांची उत्तरं प्राचार्यांच्या कानावर पडावीत, यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

"मला तर काही ऐकू येत नाही, सर," नीरजा म्हणाली.

"आम्हाला येतंय ना. सारखं चाललंय." मुकुंदवाडीच्या प्राचार्यांनीही मान डोलावली.

"खिडक्या लावून घ्या रे," नीरजा सोयगावच्या मुलांना म्हणाली. त्यांनी लावल्या. आवाज थांबला नाही. पंखा बंद करायला सांगितला. चैत्राचे दिवस, डोक्यावर पत्रा. तरी एकानं उठून पंखा बंद केला. केशवरावांनी नकारार्थी मान हलवली.

"एक तास शांत बसता येत नाही का तुम्हाला?" ती ओरडली. आजवर ती या मुलांवर कधी ओरडली नव्हती. मुलं एकमेकांकडं बघायला लागली आणि अंग चोरून बसली.

तिनं कसंबसं पुढं शिकवायला घेतलं. प्रश्न विचारला. दुसरा विचारला. एरवी अंबिका प्रश्न पुरा होऊ द्यायची नाही. आज तिचा हात अर्धा वर गेला आणि खाली आला. सगळी खोली कान देऊन काहीतरी ऐकत होती, आणि ते गणित नव्हतं. नीरजा रडायच्या बेतात होती. ज्यांच्यासाठी जिवाचं रान केलं, तीच ऐन वेळी दगडासारखी बसली होती.

"पुरे झालं, मॅडम," केशवराव म्हणाले. "गोंगाट आहेच, वर उत्तरंही नाहीत. हे इथंच थांबवू."

"एकच मिनिट, सर." नीरजानं हात जोडले. मग पडद्याजवळ वाकून गयावया करत म्हणाली, "अंबिका, तू तरी सांग गं. कसला आवाज आहे तुमच्याकडं? सांग, म्हणजे बंद करता येईल."

अंबिका उठून कॅमेऱ्यापाशी आली. चेहरा घामानं डबडबलेला. मोठ्या माणसाला असं सांगावं की नाही, या विचारात ती क्षणभर घुटमळली. मग हळूच म्हणाली,

"वाहत्या पाण्याचा आवाज हाय ह्यो, मॅडम. आमच्याकडं कुठून यायचा?"