कोरड्यास

“कोरड्यास नसतंय हो. नुसता गार पाव,” फोनवरची मुलगी म्हणाली.

सिंगापुरात, मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये जयवंतीबाईंनी नाक मुरडलं. चौदा महिने इंग्लंडच्या सरकारने फुकट हॉटेलात ठेवलंय, आणि बाईसाहेबांना वर कालवण हवं! तरी वाक्य चोख इंग्रजीत करून त्यांनी अधिकाऱ्याला ऐकवलं.

घरबसल्या फोनवरून दुभाष्याचं काम करता करता आश्रय मागणाऱ्यांच्या रडगाण्यांनी त्यांचे कान किटले होते. नाव कुणाचंच कळत नसे, फक्त केस नंबर. हिचंही तेच. जातीबाहेर लग्न केलं, भाऊ जिवावर उठलेत, परत पाठवू नका.

“निकाल कधी लागंल, विचारा की.”

“सांगता येणार नाही,” असं म्हणून अधिकारी दहा मिनिटांसाठी उठून गेला. लाइन चालूच राहिली.

खाजगी बोलायला मनाई होती. पण तो शब्द जयवंतीबाईंच्या कानातून जाईना. पंचेचाळीस वर्षांपूर्वी, जहाजावरच्या इंजिनिअर नवऱ्यामागून त्या सिंगापूरला आल्या. इथल्या मराठी मंडळातल्या पुण्याच्या बायका ‘कोरड्यास’ ऐकून खिदळल्या, त्या दिवसापासून त्यांनी तो शब्द गिळून टाकला होता.

“माहेर कुठलं गं तुझं?”

“वकील म्हणालेत, कुणाला सांगू नको.”

“अगं, आमच्यातही कोरड्यासच म्हणतात.”

पलीकडून हुंदका आला. “आपलं बोलणारं कुणी भेटलंच नाही हो, मावशी! कोळंबखेडची मी. चंद्रशेखर पाटलांची धाकटी.”

“वेशीतली चिंच आहे का गं अजून?”

“हाय की! तुम्हाला कशी ठाऊक?”

जयवंतीबाईंचे डोळे भरून आले. “पोरी, किती वाळली असशील. शेंगदाण्याची चटणी पाठवते. कुठं पाठवू?”

मुलीने शहर सांगितलं, हॉटेलचं नाव सांगितलं, खोलीचा नंबरसुद्धा.

अधिकारी परतला. पुढचा तासभर जयवंतीबाईंनी मुलीचा एकेक शब्द इतका जपून पोचवला की त्याने शेवटी मुद्दाम आभार मानले. मुलगीही म्हणाली, “देवासारख्या भेटलात.”

फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले आणि लगेच गावाकडचा नंबर लावला.

“निशिकांत, आत्या बोलतेय. बहीण सापडली तुझी. पत्ता लिहून घे.”