पाळकीणबाई

चर्चच्या दाराशी टांगलेल्या फळ्यावर शमुवेलकाका खडूनं ठसठशीत लिहीत होते, 'आजचा संदेश: पाळकीणबाई रिबेका ओहोळ'. शेवटचं अक्षर गिरवून ते वळले, तर एसटीतून उतरलेली रिबेका बायबल काखेत धरून समोरच उभी.

"काका, पाळकीणबाई म्हणजे पाळकाची बायको. माझं तर अजून लग्नसुद्धा झालेलं नाही."

"अगं, मान देऊनच लिहिलंय. बाईमाणसाला दुसरं काय म्हणायचं?"

पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, होण्यासाठी ती चार वर्षं सेमिनरीत शिकत होती. हिब्रूची उलटी अक्षरं घोकून डोळ्यांवर चष्मा चढला होता. आज या मंडळीपुढं संदेश द्यायचा, प्रवचन करायचं, एवढी एकच परीक्षा उरली होती. पण मंडळीचे पंच म्हणून तिचा शेरा शमुवेलकाकाच लिहिणार होते आणि त्यावाचून पदवी मिळणार नव्हती. गप्प बसण्यातच शहाणपण होतं.

"गेल्या वर्षी परीक्षेला मुलगा आला होता," ती म्हणाली. "त्याला काय लिहिलं होतंत?"

काका हातातला खडू चाळवत राहिले. "पाळक."

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. आधी 'बाई' पुसलं, मग 'ण', मग 'क'ची वेलांटी. फळ्यावर 'पाळक' उरलं. आत सतरंजीवर बसलेल्या बायका माना उंचावून बघू लागल्या.

काकांचा आवाज चढला. "पोरी, तुझा शेरा माझ्या हातात आहे, विसरू नकोस."

"नाही विसरले," चपला काढून आत शिरता शिरता ती म्हणाली. "तिथंही एवढंच लिहा. पण पेनानं."